रुसलेल्या गिटारी

ऑल्टरनेटिव्ह रॉकची व्याख्या करताना जाणकार मंडळी फार घाम गाळतात. कोणी सांगतं, मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेर जे वाढलं ते. कोणी सांगतं, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर रात्री उशिरा जे वाजलं ते. कोणी थेट पंकपासून वंशावळ काढून दाखवतं. बरीच वर्षं हे अल्बम ऐकून माझं जे मत झालं आहे ते एका ओळीचं आहे: हे रुसलेल्या माणसांचं संगीत आहे. रागावलेल्यांचं नव्हे. रागावलेल्यांची सोय पंकमध्ये आहे, मेटलमध्ये तर फारच चोख आहे. राग येतो, भांडी आपटतो आणि जातो. रुसवा येतो तो पाट मांडून बसतो.

आणि रुसणं म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आपल्याकडच्या लग्नांत वरमाय रुसायची तेव्हा ती काही मांडव सोडून घरी जायची नाही. आतल्या खोलीत जाऊन बसायची. दार लोटून घ्यायची, पण कडी घालायची नाही. बाहेर आपली चौकशी कोण कोण करतंय हे नीट ऐकू आलं पाहिजे, ही त्या रुसव्याची पहिली अट. मानाची पैठणी आली की ती ठेवून घ्यायची आणि घेतल्यावरही चेहरा तसाच ठेवायचा, ही दुसरी. सिॲटलपासून ऑक्सफर्डपर्यंतच्या बँडांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच केलं. दार लोटलं, कडी घातली नाही, आणि पैठण्या डॉलरमध्ये आल्या.

या संगीतासाठी ग्रॅमीवाल्यांनी १९९१ साली पहिल्यांदा स्वतंत्र पारितोषिक ठेवलं. ते आयर्लंडच्या शिनेड ओकॉनरला जाहीर झालं आणि तिने ते घ्यायला नकार दिला. मुहूर्तालाच असं बिनसल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सुरुवात निर्वाणा या बँडपासून केली पाहिजे, नाहीतर तेवढ्यावरून वाचक रुसतात. त्यांचा पहिला अल्बम ‘ब्लीच’, १९८९ चा. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. ही रक्कम जेसन एव्हरमन नावाच्या गिटारवादकाने भरली. त्याबद्दल मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे, वादकांच्या यादीत नाव आहे. फक्त अख्ख्या अल्बममध्ये त्याने एक तारही छेडलेली नाही. पुढे तो निर्वाणामधून बाहेर पडला, साउंडगार्डनमध्ये गेला, तिथूनही बाहेर पडला आणि अमेरिकी सैन्यात भरती होऊन स्पेशल फोर्सेसपर्यंत पोचला. रुसायची एवढी सबळ कारणं असताना त्याऐवजी काहीतरी कामाचं केलेला माणूस या सगळ्या इतिहासात मला हा एकटाच दिसतो.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ आला. या अल्बमबद्दल माझी दोन मतं आहेत: एक चारचौघांतलं, एक घरातलं. चारचौघांत मी सांगतो की त्यापेक्षा त्यांचाच पुढचा ‘इन युटेरो’ कितीतरी श्रेष्ठ. कारण समोरचाही तेच सांगायच्या बेतात असतो, आणि हे वाक्य जो आधी म्हणेल त्याची पत वाढते. घरी मी ‘नेव्हरमाइंड’ लावतो. घरात कोणाची पत राहिलेली नसते, त्यामुळे खरं आवडतं ते ऐकता येतं. आणि खरं सांगायचं तर ज्यात चाली एकामागून एक इतक्या हुकमी लागल्या आहेत असे अल्बम फार थोडे. निर्माता होता बुच विग. एकच ओळ पुन्हा गाऊन आवाजावर आवाज चढवायचा ही बँडचा गायक कर्ट कोबेनला लबाडी वाटायची. विगने त्याला सांगितलं, जॉन लेननही असंच करायचा. कोबेन निमूट माइकसमोर उभा राहिला. रुसलेल्या माणसाची समजूत काढत बसायचं नसतं, त्याच्याहून मोठ्या माणसाचं नाव काढायचं असतं, हे विगला कळलं होतं.

त्यातल्या ज्या गाण्याने एका पिढीचं बंड जगापुढे आलं म्हणतात, त्याच्या नावातलं ‘टीन स्पिरिट’ म्हणजे मुलींचा डिओडरंट. एका मैत्रिणीने थट्टेने भिंतीवर लिहिलेली ती ओळ होती. कोबेनला ती क्रांतीची घोषणा वाटली. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. कडी घातली नव्हतीच, सगळं वऱ्हाड खोलीत घुसलं.

या सीडीच्या शेवटी एक खोडी आहे. शेवटचं गाणं कुजबुजत संपतं, मग सुमारे दहा मिनिटं नुसती शांतता, आणि मग ‘एंडलेस, नेमलेस’ नावाचा दणका. पहिल्या काही हजार प्रतींत तो चुकून घालायचाच राहून गेला होता. त्या प्रती ज्यांना मिळाल्या त्या घरांत शांतता नांदली. आमच्याकडे ती शांतता फसवी निघाली. बाबांनी “संपलं वाटतं एकदाचं” म्हणून पेपर उघडला, आईने देवापुढे निरांजन लावलं, आणि आम्ही सगळेच जरा गाफील असताना कपाटावरच्या स्पीकरमधून गिटार फोडल्याचा आवाज आला. आईने विचारलं, “याचं पोट दुखतंय का रे?” गंमत अशी की कोबेनचं खरोखरच पोट दुखायचं. त्याने ते मुलाखतींतून अनेकदा सांगितलं आहे. समीक्षकांनी या आवाजाबद्दल पानंच्या पानं भरली. निदान मात्र आईचं बरोबर आलं.

‘इन युटेरो’ (१९९३) हा रुसव्याचा कळस. आधीचा अल्बम फार गुळगुळीत झाला आणि शाळेत ज्या पोरांनी आपल्याला छळलं तसलीच पोरं आता आपली गाणी म्हणत फिरतात, ही कोबेनची व्यथा. म्हणून त्याने स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. अल्बिनी म्हणजे रुसणाऱ्यांचा कुलगुरू. कंपन्यांवर रुसलेला, रेडिओवर रुसलेला, ‘प्रोड्यूसर’ या पदवीवर तर कायमचा रुसलेला. त्याने बँडला पत्रच लिहिलं की मी विक्रीवर रॉयल्टी घेणार नाही; प्लंबरला देता तसे कामाचे पैसे द्या, विषय संपला. त्याने एकरकमी एक लाख डॉलर घेतले. हे प्लंबरचे दर पाहून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भोवळ येईल, पण तत्त्व म्हणून ठीक.

हे पत्र वाचताना मला मात्र दुसरंच भांडण आठवतं. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचं याच रॉयल्टीवरून बिनसलं होतं. लतादीदींचं म्हणणं, गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे घेतले, आता पुढचं काय ते निर्मात्याचं नशीब. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मिनेसोटातल्या एका आडगावच्या स्टुडिओत, ऐन फेब्रुवारीत, अल्बिनी थेट रफीसाहेबांच्या बाजूने उभा होता आणि त्याला याची गंधवार्ताही नव्हती. आता बुद्धीने विचाराल तर मी लतादीदींच्या बाजूचा. पण ‘इन युटेरो’मधले ड्रम ऐकले की वाटतं, त्या माणसाला तो मागेल ते द्यावं.

इतकं करून दोन गाणी कंपनीच्या मर्जीने दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतलीच. वॉलमार्टने अल्बम ठेवायला नकार दिला तेव्हा मागचं चित्र आणि एका गाण्याचं नावही बदलून दिलं. कारण कोबेन ज्या छोट्या गावात वाढला तिथे कॅसेट घ्यायची तर असल्याच दुकानातून घ्यावी लागायची. या कारणासाठी तो मला फार आवडतो. एप्रिल १९९४ मध्ये तो गेला. त्या ठिकाणी माझी व्याख्या तोकडी पडते आणि मी ती ताणत नाही.

पर्ल जॅमचं लवकर आटोपू. ‘टेन’ (१९९१) हे नाव मूकी ब्लेलॉक या बास्केटबॉल खेळाडूच्या जर्सीवरच्या आकड्याचं. बँडचं आधीचं नाव तर त्याचंच नाव होतं. हा अल्बम धो धो चालल्यावर हे लोक रुसले आणि यापुढे व्हिडिओ काढणार नाही म्हणाले. परिणाम असा की ‘व्हर्सेस’ (१९९३) पहिल्या पाच दिवसांतच नऊ लाखांच्या वर खपला. मग ते तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीवर रुसले, अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. १९९५ साली सरकारने चौकशी गुंडाळली. रुसव्याला कायद्याचं कलम लावलं की असंच होतं. गायक एडी वेडर शब्द जबड्याच्या आतच ठेवतो. ‘यलो लेडबेटर’ हे गाणं माझ्या ओळखीच्या अनेकांना तोंडपाठ आहे. त्यात शब्द कोणते, हे विचारू नये. वेडर स्वतःही दर कार्यक्रमात वेगळे म्हणतो.

त्या सुमारास सगळी दुनिया सिॲटलच्या पोरांचा अभ्यास करायला निघाली होती. न्यूयॉर्क टाइम्सने नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांच्या बोलीचा छोटा शब्दकोशच छापला. माहिती पुरवली होती सब पॉप या रेकॉर्ड कंपनीत रिसेप्शनिस्ट राहिलेल्या मेगन जॅस्परने, आणि तिने सगळे शब्द फोनवर बसल्या जागी रचले होते. ‘स्विंगिन ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप’ म्हणजे म्हणे टवाळक्या करत बसणे. थोर वर्तमानपत्राने ते गंभीरपणे छापलं. त्याच मोसमात मार्क जेकब्ज या फॅशनकाराने पेरी एलिस कंपनीसाठी सिॲटलच्या चौकटीच्या शर्टांची नक्कल रेशमात शिवली, आणि कंपनीने त्याला घरी पाठवलं. रुसण्याचा युनिफॉर्म रेशमात शिवला तर तो कोण घालणार? ज्यांना परवडतो ते कशावर रुसलेले नसतात.

आता आर.ई.एम. इथे माझी पंचाईत होते, कारण हे लोक मुळात रुसके नाहीत. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचे चार सभ्य मुलगे. त्यांचा ‘मर्मर’ (१९८३) ऐकताना गायक मायकेल स्टाइप काय म्हणतोय याचा पत्ता लागत नाही, तरी रोलिंग स्टोनच्या समीक्षकांनी त्या वर्षी ‘थ्रिलर’ला मागे टाकून याला पहिला नंबर दिला. माझी शंका अशी आहे की शब्द कळले नाहीत म्हणूनच दिला. ‘आउट ऑफ टाइम’ (१९९१) मध्ये पीटर बकने मॅंडोलिन हातात घेतलं आणि ‘लूझिंग माय रिलिजन’ झालं. त्याचा व्हिडिओ दिग्दर्शित केला आपल्या जालंधरच्या तरसेम सिंगने. त्यात देवदूताचे पंख लावलेला म्हातारा आहे, आणि आपल्याकडच्या कॅलेंडरांतून उचलून आणल्यासारखी सजवलेली माणसं आहेत. अमेरिकेत त्यावर प्रतीकांच्या अर्थाचे वाद झाले. आमच्याकडे आईने जाता जाता बघून सांगितलं, “पौराणिक दिसतंय. सुतकी का पण सगळे?”

त्याच अल्बममध्ये ‘शायनी हॅपी पीपल’ हे इतकं आनंदी गाणं आहे की बँडलाच त्याची लाज वाटली. २००३ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहातून त्यांनी ते चक्क गाळलं. म्हणजे बघा, ज्यांना रुसता येत नाही ते शेवटी स्वतःच्या आनंदी गाण्यावर रुसून कोटा पूर्ण करतात.

पण १९९२ चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. हा या सगळ्या ढिगातला सर्वांत चांगला अल्बम आहे, आणि हे मत मी चारचौघांतही बदलत नाही. नाव गावातल्या एका खाणावळीच्या पाटीवरून घेतलेलं. खाणावळवाला गिऱ्हाइकाला तेवढंच म्हणायचा. व्हायोलिनबियोलिनचं काम लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सचं. विषय जवळजवळ सगळीकडे मृत्यू, आणि तरी कुठे कण्हणं नाही. ‘एव्हरीबडी हर्ट्स’वर चोखंदळ लोक नाक मुरडतात, फार सोपं आहे म्हणतात. त्यांनी रात्री दोन वाजता ऐकावं, मग बोलावं. माझ्या व्याख्येत हा अल्बम बसत नाही. व्याख्येनं थोडं सरकून घ्यावं.

रेडिओहेडच्या बाबतीत मात्र व्याख्या ऐटीत बसते. ‘क्रीप’ हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला ते फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून त्याने मध्येच गिटारला दोन रट्टे घातले. लोकांना रट्टेच आवडले. मग बँड त्या गाण्यावर रुसला, कित्येक वर्षं मंचावर वाजवेना. ‘द बेंड्स’ (१९९५) मध्ये त्यांनी चांगल्या चाली केल्या; ‘ओके कम्प्युटर’ (१९९७) मध्ये यंत्रयुगावर रुसले. हा अल्बम त्यांनी बाथजवळच्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित केला, जो एका चित्रपट अभिनेत्रीच्या मालकीचा होता. आधुनिक जगाचा उबग आणायला वाड्यात उतरावं लागतं, नुसत्या लोकलच्या पासावर तो येत नाही. माझं आवडतं ‘द बेंड्स’. पण हे म्हटलं की समोरचा माझ्याकडे अशा दयेने बघतो की मी घाईघाईने ‘ओके कम्प्युटर’ची दोन गाणी गुणगुणून दाखवतो.

ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ आला. गिटारी बाजूला ठेवलेल्या. गायक टॉम यॉर्कने काही ओळी चिठ्ठ्या करून टोपीत टाकल्या आणि हाताला येतील तशा गायल्या. सिंगल नाही, रीतसर व्हिडिओ नाही. एवढा मोठा रुसवा धरून हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘किड ए’ आवडत नाही असं म्हणायची आमच्यात सोय नाही. आवडत नसेल तर “अजून उलगडतोय” असं म्हणतात. माझ्या एका मित्राला तो पंचवीस वर्षं उलगडतोय. मला आवडतो, पण त्या टोपीतल्या चिठ्ठ्या एकदा परत टाकून बघाव्यात असं वाटतं. ग्रीनवुडचा रुसवा मला वाटतं जोधपूरला निघाला. २०१५ साली मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर, इस्रायलच्या शाय बेन त्सूरच्या रचना वाजवत त्याने ‘जुनून’ केला. त्यात तो मागे कुठेतरी बसून गुपचूप साथ करतो आणि कधी नव्हे तो सुखात दिसतो.

यानंतर माय ब्लडी व्हॅलेंटाइन. यांच्यापुढे बाकी सगळे शिकाऊ. या पंथाला शूगेझ म्हणतात, कारण वादक श्रोत्यांकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत वाजवतात. खुलासा असा केला जातो की ते बुटांकडे नव्हे, पायाशी मांडलेल्या इफेक्ट पेडलांकडे बघतात. असेल. रुसलेला माणूसही जमिनीकडे बघतो तेव्हा फरशी मोजतोय असंच सांगतो.

त्यांचा ‘लवलेस’ (१९९१) दोन वर्षांहून जास्त काळ, एकोणीस स्टुडिओंतून फिरत तयार झाला. अडीच लाख पौंड खर्च झाले आणि क्रिएशन ही कंपनी बुडता बुडता राहिली असं सांगतात. बँडचे प्रमुख केविन शील्ड्स यांना हा आकडा मान्य नाही. गाताना कोणी बघू नये म्हणून स्टुडिओच्या काचेवर पडदे लावलेले. बँडच्या गायिका बिलिंडा बुचर यांना सकाळी सात-साडेसातला, नुकता डोळा लागलेला असताना उठवून गायला लावलं जायचं, हे त्यांनीच सांगितलं आहे. अल्बममधल्या आवाजातली झोप त्यामुळे अस्सल आहे. शील्ड्स तारा छेडताना ट्रेमोलोच्या दांडीवरचा हात काढतच नाहीत, म्हणून प्रत्येक सूर जागेवरून थोडा सरकतो, डुलतो, परत येतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रोत्यांना आधी वाटलं रेकॉर्डच वाकडी आहे. दरबारीतला आंदोलित गंधार ऐकलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. सुराने एका जागी सरळ उभं राहिलं पाहिजे असा हट्ट आपण कधी धरलाच नाही.

मला ‘लवलेस’ अतिशय सुंदर वाटतो. शेजारच्या काकूंना वाटला नाही. त्या एकदा दारात येऊन म्हणाल्या, “तुमच्याकडे पाण्याची मोटर चालू राहिली आहे का? टाकी केव्हाची भरली असेल.” मी मोटर बंद केली, म्हणजे हेडफोन लावले. काकूंचं चूक नव्हतं. या बँडच्या कार्यक्रमांत एका गाण्याच्या मधोमध एकच गदारोळ कित्येक मिनिटं चालू ठेवतात, आणि २००८ साली पुन्हा एकत्र येऊन वाजवू लागले तेव्हा दारातच श्रोत्यांना कानात घालायचे बोळे वाटत होते. ज्या मैफलीत यजमानच कान बंद करायला सांगतो तिला काय म्हणावं? मी पैसे देऊन जाईन, एवढं सांगतो.

‘लवलेस’नंतर शील्ड्स खोलीत गेले ते पुढचा अल्बम घेऊन २०१३ साली बाहेर आले. बावीस वर्षं. त्या अल्बमला नावही धड दिलेलं नाही, बँडची आद्याक्षरं तेवढी. रात्री तो इंटरनेटवर आला आणि गर्दीने त्यांचं संकेतस्थळ कोसळलं. एवढी वर्षं कोणीतरी दाराबाहेर उभं होतंच.

स्मॅशिंग पम्पकिन्सच्या ‘मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस’ (१९९५) बद्दल थोडक्यात: अनंत दुःख, अठ्ठावीस गाणी, दोन तास. पहिली सीडी उत्तम. दुसरी सीडी ऐकलेला माणूस मला भेटला आहे, पण ‘१९७९’ सोडून त्याला त्यातलं दुसरं गाणं आठवेना.

बँडांचं हे असं. पण या क्षेत्रातला खरा कसलेला रुसणारा म्हणजे श्रोता. बँडला निदान पैठणी मिळते. श्रोता फुकट रुसतो. बँड कोणाला माहीत नसतो तोवर हा त्याचा प्रचारक. आपली कॅसेट दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभा राहतो. (ते दुकान २०१६ साली बंद झालं. तेव्हा जे सर्वांत जास्त हळहळले त्यांनी तिथून शेवटची सीडी कधी घेतली होती, हे मी विचारलं नाही.) आणि तोच बँड एकदा रिक्षावाल्याच्या फोनवर वाजला की हा खोलीत जाऊन बसतो. मग ते जगप्रसिद्ध वाक्य येतं: पहिला अल्बम बरा होता.

या रुसव्यामुळे मतांचे भाव कांद्यासारखे चढतात-उतरतात. वीझरचा ‘पिंकर्टन’ १९९६ मध्ये आला. समीक्षकांनी झोडपला, रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत नेऊन बसवलं. गायक रिव्हर्स कुओमो इतका खट्टू झाला की पुढे बरीच वर्षं स्वतःच त्या अल्बमला नावं ठेवू लागला. तेवढ्यात श्रोत्यांचं मत फिरलं. तोच अल्बम प्रांजळ, तोच थोर, आणि त्याच रोलिंग स्टोनने त्याला नंतर पाचपैकी पाच तारे दिले. बिचाऱ्या कुओमोला आपण नक्की कोणावर रुसायचं हे पुन्हा ठरवावं लागलं. ओॲसिसचं बरोबर उलट. ‘बी हिअर नाऊ’ (१९९७) पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांच्या वर खपला, परीक्षणं अशी आली की बीटल्सनी लाजावं. वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांना एकाच वेळी शुद्ध आली. गाणी संपतच नाहीत, गिटारींवर गिटारी चढवलेल्या, एक गाणं तर नऊ मिनिटांच्या पुढे. मला विचाराल तर तो अल्बम तेव्हा वाटला तितका थोर नाही आणि आता म्हणतात तितका टाकाऊही नाही. पण असं मधलं मत घेऊन या लोकांत बसता येत नाही; चहा येतो, संभाषण येत नाही. ओॲसिसमध्ये पुढे रुसव्याची भाऊबंदकी झाली. गॅलघर बंधूंनी २००९ साली पॅरिसमध्ये, कार्यक्रमाच्या ऐन वेळी तोंडं फिरवली; पुन्हा एका मंचावर पाय ठेवला तो २०२५ साली. आपल्याकडे एवढ्या काळात निदान सातबाऱ्याचा निकाल लागतो.

आणि लोलापलूझा. पेरी फॅरेलने १९९१ साली हा फिरता महोत्सव सुरू केला तो आपल्या जेन्स ॲडिक्शन या बँडच्या निरोपासाठी. म्हणजे ‘आम्ही आता चाललो’ हे सांगायला काढलेली जत्रा. जत्रा राहिली, चिलीपासून फिरत फिरत जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आली; द स्ट्रोक्स वाजवून गेले. निरोप घेतलेला बँडही राहिला, अधूनमधून पुन्हा निरोप घेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बोस्टनला भर मंचावर फॅरेलने आपल्याच गिटारवादकावर हात उचलला आणि दौरा तिथेच बंद पडला. हे मात्र बरं नव्हे. हात उचलला की तो राग झाला. तेहतीस वर्षांचा रियाज वाया.

शेवटी माझ्या एका लाडक्या अल्बमबद्दल सांगतो. इंग्लंडच्या कॉर्नरशॉपचा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’, १९९७. प्रमुख तजिंदर सिंग. या लोकांची सुरुवातही रुसव्यातलीच. १९९२ साली त्यांनी गायक मॉरिसीचा फोटो रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीसमोर जाळला होता. पण या अल्बममध्ये त्यांनी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत म्हटलं आणि ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ केलं. ही आशा म्हणजे आपली, सांगलीकडची, मंगेशकरांची आशा. आधी ते गाणं फारसं कोणी विचारलं नाही. मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवून दिला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. मी अर्थातच मूळच्या संथ गाण्याच्या बाजूचा. आर.ई.एम.चा तो स्टाइपही पुढे २००२ साली आशाताईंबरोबर एका गाण्यात आला, तेव्हा माझ्या दोन्ही कपाटांतली माणसं एकमेकांना भेटल्याचा मला कोण आनंद झाला.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ घरी लावण्यासारखं आहे असं वाटून मी एका रविवारी सगळ्यांपुढे लावलं. आत्या आली होती. आईने मान डोलावली, “सुरात नाहीये, पण मुलगा चांगल्या घरचा वाटतो.” गाण्यात रफीसाहेबांचं नाव येतं, लतादीदींचंही येतं. बाबा म्हणाले, “पण दीदींचं नाव जेमतेमच घेतलं.”

“आशाचं गाणं आहे ना अण्णा, मग तिचंच नाव घेणार,” आत्या म्हणाली. “पण याने ऐकलीय कोणती आशा? आरडीकडची असणार. सगळे तीच ऐकतात.”

“आरडीकडेच तर ती खरी फुलली,” बाबा.

“तू बोलूच नकोस. ‘नया दौर’ आला तेव्हा तू पाळण्यात होतास. नय्यरने तिला उभं केलं. लताचा आवाज एकदाही घेतला नाही त्या माणसाने, एवढा ताठ! नय्यरची आशा ती आशा. नंतर काय, ती सगळ्यांचीच झाली.”

मी आत्याकडे बघतच राहिलो. ‘किड ए’ उलगडत बसलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही हे वाक्य इतक्या तोऱ्यात म्हणता आलं नसतं. बाबा “अगं, पण ‘उमराव जान’?” एवढंच म्हणाले, तर आत्या बशी खाली ठेवून आतल्या खोलीत निघून गेली. आईने खुणेनेच मला सांगितलं, जा, तिला विचार, पोह्यांवर लिंबू हवंय का.